वय निघून जातं की माणूस? ‘एज आउट’चा अर्थ समजून घेताना

भाचीचा न्यू जर्सीहून मेसेज आला : ‘मावशी, आय एम एजिंग आउट इन मार्च.’ मी तो मोठ्यानं वाचला. आई शेजारी मटार सोलत बसली होती, तिचा हात थांबला. “म्हातारी होतेय म्हणते का ती? वीस वर्षांची पोर?”

आईचं इंग्रजी जुन्या अकरावीचं, त्यामुळे पक्कं. एज म्हणजे वय, एजिंग म्हणजे वय होत जाणं, आउट म्हणजे बाहेर. सगळे शब्द ओळखीचे, पण वाक्य काही लागेना. इंग्रजीत हे फार होतं. क्रियापदामागे आउट, अप, ऑफ असं एखादं शेपूट लागलं की मूळ अर्थ कुठल्या कुठे जातो. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं. ‘एज’ आणि ‘एज आउट’ यांचंही तसंच आहे. वय सगळ्यांचंच होतं, रोज होतं. ‘एज आउट’ मात्र बहुतेक वेळा एका दिवसात होतं आणि त्या दिवसाची तारीख आधीपासून माहीत असते.

सरळ सांगायचं तर, एखादी सोय, हक्क, जागा किंवा गट ठरावीक वयापर्यंतच्या लोकांसाठीच असतो. ते वय ओलांडलं की त्यातून बाहेर पडावं लागतं. या बाहेर पडण्याला ‘एज आउट’ म्हणतात. कशातून बाहेर, हे सांगायचं असेल तर पुढे ‘ऑफ’ लावून त्याचं नाव घ्यायचं. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असेल तर नुसतं ‘एज आउट’ पुरतं. भाचीनं तसंच लिहिलं होतं, कारण तिच्या घरात या दोन शब्दांना दुसरा अर्थच उरलेला नाही.

यातला ‘आउट’ आपल्याला चकवतो. आपल्या कानाला आउट म्हटलं की आधी क्रिकेट आठवतं. म्हणजे कुणीतरी चुकलं, त्रिफळा उडाला, पंचांचं बोट वर गेलं. एज आउट होणाऱ्याची काहीच चूक नसते. तो नापास झालेला नसतो, कुणाशी भांडलेला नसतो, त्याचं वागणं बिघडलेलं नसतं. फक्त त्याचा वाढदिवस आलेला असतो. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आणि हा शब्दप्रयोग मला त्याच्या या प्रामाणिकपणासाठी आवडतो. दार कशामुळे बंद झालं ते तो स्पष्ट सांगतो आणि माणसाला बोल लावत नाही.

आता आपण मराठीत हेच कसं म्हणतो ते बघा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेच्या खाली चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं की ऐकू येतं : ‘पीएसआयला एजबार झालो रे, पण राज्यसेवेला अजून बसतो.’ पीएसआयला खुल्या गटात ३१ आणि मागासवर्गीयांना ३४, राज्यसेवेला ३८ आणि ४३, अशा या वयाच्या रेघा. त्या ओलांडल्या की पोरं म्हणतात, ‘वयात बसत नाही’, ‘वय संपलं’, ‘वय निघून गेलं’.

‘वय निघून गेलं’ हे वाक्य जरा थांबून ऐकावं असं आहे. त्यात निघून कोण जातंय? वय. एसटी निघून जावी तसं. माणूस फलाटावर जिथल्या तिथं उभा, हातात पिशवी घेऊन. इंग्रजीत नेमकं उलट होतं. वय जागचं हलत नाही, ती रेघ तिथंच असते आणि रेघेपलीकडे जातो माणूस. म्हणूनच माझे विद्यार्थी ‘माय एज इज गॉन’ असं लिहितात. त्यांनी मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलेलं असतं. तिथं ‘आय हॅव एज्ड आउट’ हवं. वाक्याचा कर्ता ‘आय’, कारण इंग्रजीच्या हिशेबानं हललात तुम्ही. ‘एजबार’ हा आपल्या इकडच्या इंग्रजीतला शब्द. तो आपल्याला लख्ख कळतो, पण अमेरिकेतल्या माणसाशी बोलताना वापरलात तर तो बुचकळ्यात पडेल.

कोण हलतं याचा हा फरक एकदा लक्षात आला की बाकीचे भाऊबंदही सोपे होतात. लहान मुलीचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला की आपण म्हणतो, ‘फ्रॉक आखूड झाला.’ फ्रॉक तेवढाच आहे, पोर वाढली आहे, पण मराठीत झालं ते फ्रॉकला झालं. इंग्रजी म्हणतं, पोर फ्रॉकच्या बाहेर वाढली, म्हणजे ‘आउटग्रो’ किंवा ‘ग्रो आउट ऑफ’. तसंच अंगठा चोखण्याचं. आपल्याकडे सवय ‘सुटते’, जणू गाठ आपोआप सैल झाली. इंग्रजीत मूल त्या सवयीतून वाढत वाढत बाहेर येतं. कपडे, खेळणी, सवयी, लहानपणीची भीती, काही आजार यांना ‘ग्रो आउट ऑफ’ वापरायचं. इथं नियम नसतो, तारीख नसते, वाढ हळूहळू होते. फ्रॉकच्या बाबतीत ‘एज आउट’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्या फ्रॉकसाठी कुणी वयाचा दाखला मागितला होता.

तिसरा प्रयोग ‘टू ओल्ड फॉर’, म्हणजे त्या गोष्टीसाठी वय जास्त झालं. हा सर्वांत जपून वापरायचा, कारण यात कुणाचं तरी मत असतं. आपल्याकडचं ‘हे काय वय आहे का?’ किंवा ‘एवढा घोडा झालास तरी’ त्याच घराण्यातलं. साठीच्या बाईनं पोहायला शिकायचं ठरवलं तर शेजारी ‘टू ओल्ड’ म्हणतील, पण ती कशातूनही ‘एज आउट’ झालेली नाही. तलावावर कुणी तशी पाटी लावलेली नाही. एक नियम आहे आणि दुसरी शेजाऱ्यांची जीभ. हे दोन वेगळे ठेवायला हा शब्दप्रयोग शिकवतो आणि मला वाटतं, मराठी बोलतानाही ते वेगळे ठेवायला हवेत. ‘तुझं लग्नाचं वय निघून गेलं’ असं पोरीला सांगताना आपण शेजाऱ्यांच्या जिभेला नियमाचा पोशाख चढवत असतो. कायद्यात लग्नाला किमान वय आहे, कमाल वय कुठेच लिहिलेलं नाही.

घोड्यावरून आठवलं. वय झालेल्या माणसाला इंग्रजीत ‘लाँग इन द टूथ’ म्हणतात. घोड्याचं वय वाढतं तशा हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसू लागतात, त्यावरून हे आलं. ते कुणाच्या तोंडावर म्हणू नये, लागतं. पण दातांवरून वय ओळखण्याची कला आपल्याला काही परकी नाही. माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. बाजारात मामा खोंडाची मान काखेत धरायचा, अंगठ्यानं खालचा ओठ दाबायचा आणि एका नजरेत सांगायचा, ‘आदत आहे.’ म्हणजे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत. साधारण दोन वर्षांनंतर पुढचे दोन कायमचे दात येतात. ते मोठे, रुंद, शेजारच्या दुधाच्या दातांपुढे फावड्यासारखे दिसतात. मग तो झाला दुसा. चार आले की चौसा. सगळे आले की जुळला.

बैलगाडा शर्यतीत आदत बैलांचं मैदान वेगळं धरतात. काल आदत असलेल्या खोंडाला आज दोन दात आले, तर तो आदतच्या मैदानात चालत नाही. त्याची ताकद तीच, त्याला पळवणारा तोच, पण गट बदलला. ‘एज आउट’चा याहून नेमका दाखला मला सापडलेला नाही. मामा अशा वेळी ‘बैल म्हातारा झाला’ असं कधीच म्हणायचा नाही. ‘दुसा झाला’ म्हणायचा. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्येही हेच चालतं. जाइल्स शील्ड १४ वर्षांखालच्यांची, हॅरिस शील्ड १६ वर्षांखालच्यांची. चौदा पूर्ण झालेला मुलगा जाइल्समधून बाहेर पडतो, पण त्याच्यापुढे हॅरिसचं दार असतं. खोंडाला पुढचं मैदान आणि मुलाला हॅरिस, म्हणून तिथं ‘एज आउट’ टोचत नाही. पुढे दारच नसेल तेव्हा ते टोचतं.

अमेरिकेत हे दोन शब्द सर्वांत जास्त ऐकू येतात ते तशाच ठिकाणी. आईवडील सांभाळू शकत नाहीत, किंवा त्यांच्यापाशी मूल सुरक्षित नाही, अशा मुलांना तिथलं सरकार दुसऱ्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवतं. त्या व्यवस्थेला फॉस्टर केअर म्हणतात. मूल दत्तक गेलं नाही, घरीही परतलं नाही आणि अठरा वर्षांचं झालं, की ते ‘एज आउट’ होतं. दरवर्षी हजारो मुलं अशी बाहेर पडतात. अठराव्या वाढदिवसानंतर राहायचं कुठे, दवाखान्याचा खर्च कोण देणार, नोकरीच्या अर्जावर पत्ता कुठला लिहायचा, हे प्रश्न एकदम अंगावर येतात. म्हणून तिथं १९९९ मध्ये अशा मुलांच्या मदतीसाठी कायदा झाला आणि २००८ च्या दुसऱ्या कायद्यानं राज्यांना ही सोय एकवीस वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. पुढे २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानं सव्वीस हा आकडा आणला. आईवडिलांच्या विम्यात मूल सव्वीस वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं आणि मग त्यातून एज आउट होतं. अठरा, एकवीस, सव्वीस. एकच क्रियापद, पण ‘कशातून’ ते बदललं की वय बदलतं.

तिकडे या शब्दाचं नामही झालं आहे. उन्हाळ्यात देशभर फिरून वाजवणारी तरुणांची ढोल आणि ब्रास वाद्यांची पथकं असतात. त्यांच्यातही वयाची अट असते, त्यामुळे शेवटच्या वर्षाला मुलं ‘माझं एज-आउट वर्ष’ म्हणतात. ते अभिमानानं म्हणतात, कारण एवढी वर्षं टिकून वाजवल्याचा तो मान असतो.

गुन्हेगारीचा अभ्यास करणारे हा शब्द थोडा वेगळा वापरतात, तोही माहीत असावा. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी १८३१ मध्येच दाखवलं होतं की गुन्ह्यांचं प्रमाण तरुणपणी शिगेला जातं आणि वय वाढेल तसं उतरतं. बहुतेक माणसं पुढे गुन्ह्याच्या वाटेवरून आपोआप बाजूला होतात, त्याला ‘एजिंग आउट ऑफ क्राइम’ म्हणतात. इथं वयाची अट नाही, बाहेर काढणारं कुणी नाही. अर्थ ‘ग्रो आउट ऑफ’च्या जवळ सरकला आहे. भाषेत अशी सरमिसळ होते. वाक्यात नियम आहे की नुसतं वाढणं, ते पाहून अर्थ ओळखायचा.

आता भाचीकडे येते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये ‘एज आउट’चा अर्थ एकच, एकविसावा वाढदिवस. वडील एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतात. बायकोमुलांना त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-फोर मिळतो. तिथल्या कायद्यात ‘मूल’ म्हणजे अविवाहित आणि एकवीस वर्षांच्या आतलं. एकवीस पूर्ण झाली की कागदावरचं मूलपण संपतं, आणि त्याच्याबरोबर एच-फोरही.

तोवर ग्रीन कार्ड का मिळत नाही? नोकरीच्या आधारावर दिली जाणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार, त्यात कुटुंबीयही मोजले जातात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला साधारण सात टक्क्यांचाच वाटा. देश लहान असो की भारताएवढा, वाटा तेवढाच. त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. तीन वर्षांची असताना गेलेली मुलगी तिथंच शाळा शिकते, तिथंच मोठी होते आणि रांग पुढे सरकायच्या आत एकवीस वर्षांची होते.

यावर उतारा म्हणून ऑगस्ट २००२ मध्ये एक कायदा झाला. त्यानं मुलांचं वय मोजण्याची एक रीत घालून दिली, आणि इथं लोक हमखास गोंधळतात. रीत अशी : ज्या दिवशी तुमच्या कुटुंबाचा नंबर लागतो, त्या दिवशीचं मुलाचं खरं वय घ्यायचं. त्यातून वडिलांच्या कंपनीनं केलेला अर्ज मंजुरीसाठी जेवढे दिवस सरकारी टेबलावर पडून होता, तेवढे दिवस वजा करायचे. उरलेलं वय एकवीसच्या आत असेल आणि मूल अविवाहित असेल, तर ते अजून ‘मूल’. मग वर्षभराच्या आत पुढचा अर्ज करायचा.

आकडे घालून बघू. अर्ज आठ महिने पडून होता आणि नंबर लागला तेव्हा मुलगी २१ वर्षं ५ महिन्यांची होती. आठ महिने वजा केले, उरलं २० वर्षं ९ महिने. वाचली. हीच मुलगी तेव्हा २२ वर्षांची असती तर उरलं असतं २१ वर्षं ४ महिने. एज आउट.

नीट पाहा, वजा होतात ते फक्त टेबलावरचे महिने. मंजुरीनंतर रांगेत काढलेली दहा-बारा वर्षं वजा होत नाहीत, आणि खरा वेळ तर त्या रांगेतच जातो. आणखी एक गोष्ट. जादा फी भरली की तो अर्ज काही आठवड्यांत तपासून मिळतो. माझ्या बहिणीच्या घरी तशी फी भरली होती, काम लवकर व्हावं म्हणून. अर्ज लगेच मंजूर झाला, सगळ्यांनी पेढे वाटले. टेबलावरचे दिवसच कमी झाले, त्यामुळे लेकीच्या वयातून वजा करायलाही जवळजवळ काही राहिलं नाही, हे कित्येक वर्षांनी वकिलाच्या समोर बसल्यावर कळलं. बेकायदा आलेल्या मुलांसाठी २०१२ मध्ये जी सवलत निघाली, तीही या मुलांना लागू नाही, कारण ही मुलं तिथं कायम कायदेशीरपणेच राहिली.

आई हे सगळं ऐकत होती. मटार सोलून झाले होते, ती सालं निवडत बसली होती. “आपल्याकडे नाहीत का अशी मुलं?” तिनं विचारलं. आहेत. बालगृहातल्या मुलांना अठरा पूर्ण झाली की ते घर सोडावं लागतं. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यात अठरानंतर एकवीसपर्यंतच्या सांभाळाची तरतूद आहे आणि त्यासाठी राज्यात अनुरक्षणगृहं आहेत. अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण देण्याचा निर्णयही महाराष्ट्रानं २०१८ मध्ये घेतला. पण त्या अठराव्या वाढदिवसाला काय म्हणायचं, यासाठी आपल्या बोलण्यात शब्द नाही. ‘संस्थेतून बाहेर पडली’ एवढंच आपण म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की तिनं आपण होऊनच सोडली असेल.

गंमत म्हणजे या अर्थाचा मराठी शब्द सरकारी कागदावर रोज लिहिला जातो. राज्य शासनाचा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जातो तेव्हा आदेशात असतं, ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’. नियत म्हणजे आधी ठरलेलं, वयोमान म्हणजे वयाचं माप. चूक नाही, शिक्षा नाही, वयाची ठरलेली रेघ आली म्हणून बाहेर. वडील निवृत्त झाले तेव्हाचा तो कागद आईनं अजून शाल-श्रीफळाच्या फोटोंबरोबर ठेवलेला आहे. फॉस्टर केअरबद्दलचा मजकूर मराठीत आणायची वेळ येते तेव्हा मी आता ‘मुलं मोठी होऊन बाहेर पडतात’ असं लिहीत नाही. ‘नियत वय पूर्ण झाल्यामुळे त्यांना संस्था सोडावी लागते’ असं लिहिते. वाक्य लांब होतं, होऊ दे. ‘सोडावी लागते’ हे शब्द मला त्यात हवे असतात.

“मग मार्चमध्ये ती काय करणार?” आईनं विचारलं.

मी सांगितलं, विद्यार्थी म्हणून वेगळा दर्जा मिळावा यासाठी तिनं आधीच अर्ज केलाय. राहील त्याच घरात, त्याच खोलीत, कॉलेजही तेच. कागदावर मात्र शिकायला बाहेरून आलेली परदेशी मुलगी. पदवी झाली की वर्षभर काम करायची परवानगी, काही विषयांना आणखी दोन वर्षं. मग एखाद्या कंपनीनं तिच्या नावानं एच-वन-बीची चिठ्ठी टाकायची आणि ती निघायची वाट बघायची. निघाली आणि पुढे कंपनीनं ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, तर तिचा बाप ज्या रांगेत उभा आहे, त्याच रांगेच्या शेवटी तिचा नंबर नव्यानं लागेल.